अपस्मार असलेल्या किशोरवयीन मुलांना दैनंदिन कौशल्ये ऑनलाइन शिकवताना

हा लेख विदर्भातील खेड्यांत राहणाऱ्या, अपस्मार म्हणजेच मिरगी असलेल्या किशोरवयीन मुलामुलींना व्हिडिओ कॉलवरून आंघोळ, स्वयंपाक, औषध, बाजार, प्रवास अशी रोजची कामे शिकवायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मग ते विशेष शिक्षक असोत, व्यवसायोपचार तज्ज्ञ असोत किंवा त्यांच्या देखरेखीखाली काम करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते असोत. बरीच मुले बुद्धीने आणि हातापायांनी सक्षम असूनही पंधराव्या वर्षी स्वतःचा चहा करत नाहीत, कारण पहिली फिट आल्यापासून घरच्यांनी भीतीपोटी एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलेले असते. काहींना अपस्मारासोबत बौद्धिक अक्षमता किंवा शिकण्यातील अडचणीही असतात आणि त्यांना अधिक लहान टप्पे, अधिक वेळ लागतो. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: धोका आहे म्हणून काम काढून घ्यायचे नाही, तर काम कुठे, कोणत्या साधनाने आणि कोणाच्या समोर करायचे ही मांडणी बदलायची. आपला हात पडद्यातून पलीकडे पोहोचत नाही, ही दुसरी गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. त्यामुळे आपला पहिला विद्यार्थी मुलगा नसून त्याच्या शेजारी बसलेली आई, आजी किंवा मोठा भाऊ असतो.

पहिल्या कॉलआधी काय विचारावे

पहिली भेट शिकवण्यासाठी नसून माहिती घेण्यासाठी असावी, आणि ती शक्यतो घरातील दोन मोठ्या माणसांसोबत व्हावी. फिट कशी येते, किती वेळ टिकते, दिवसाच्या कोणत्या वेळी येते, त्याआधी काही जाणवते का, शेवटची फिट कधी आली, औषधे कोणती आणि ती किती वाजता दिली जातात, हे सारे लिहून घ्यावे. औषधांची नावे तोंडी विचारण्यापेक्षा नागपूर, सेवाग्राम, अमरावती किंवा जिथे उपचार सुरू असतील तिथल्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो मागवावा. सोबत घराचा पत्ता, ओळखीची खूण, शेजाऱ्याचा फोन क्रमांक, आशाताईंचा क्रमांक आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, हेही त्याच पानावर असावे.

फिट म्हणजे केवळ हातपाय आखडून जमिनीवर पडणे नव्हे, हे नवख्या माणसाने आधी समजून घ्यावे. काही मुले काही सेकंद एकटक पाहत राहतात आणि पुन्हा जिथे होती तिथून बोलू लागतात; काही ओठ चावल्यासारखे करतात, कपड्याशी चाळा करतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हातांना क्षणभर झटके बसतात आणि हातातला कप सुटतो. घरात त्याला धांदरटपणा समजून मुलाला बोलणी बसतात, म्हणून असे काही कानावर आले तर ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला सांगावे. ऑनलाइन शिकवणाऱ्याची एक वेगळीच अडचण यात असते. मुलाचा चेहरा पडद्यावर गोठला, तर नेटवर्क गेले की मुलाचे भान गेले, हे पटकन कळत नाही. अशा वेळी मागे पाहावे: पंखा फिरतो आहे का, पडदा हलतो आहे का, घरातला आवाज येतो आहे का. मागचे सारे हलत असेल आणि मूल तेवढे स्थिर असेल, तर ते नेटवर्क नव्हे. वेळ नोंदवावी, शेजारच्या मोठ्या माणसाला शांतपणे सांगावे आणि मूल भानावर आल्यावर तोच टप्पा पुन्हा सावकाश सांगावा, कारण मधले वाक्य त्याने ऐकलेलेच नसते. ‘लक्ष कुठे आहे तुझे’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही जाऊ नये.

कॉलवर फिट आली तर

ही तालीम शिकवणे सुरू होण्याआधी, मूल ठीक असताना, घरच्यांकडून करून घ्यावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावी. घड्याळ पाहावे. आजूबाजूची टणक, गरम, धारदार वस्तू दूर सारावी. डोक्याखाली घडी घातलेली ओढणी किंवा हात ठेवावा, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि मूल कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर पडते आणि श्वासमार्ग मोकळा राहतो. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही; बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून चप्पल हुंगवल्याने ती थांबली असा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, इतकेच. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ झटके सुरू राहिले, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, फिट पाण्यात आली, डोक्याला मार लागला किंवा नंतर श्वास नीट सुरू झाला नाही, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी नाकात फवारण्याचे औषध लिहून दिले असेल तर ते घरात कुठे आहे आणि कोणी, कधी द्यायचे, हेही तालमीत यावे.

येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो आपल्याच कॉलमध्ये अडकलेला असतो. म्हणून व्हिडिओ कॉल तोडून 108 ला फोन लावायचा की शेजारच्या फोनवरून, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. आपण मोठ्याने, घाबरून सूचना देत राहिलो तर समोरची माय गोंधळते. एका वेळी एक वाक्य बोलावे आणि मधूनमधून किती मिनिटे झाली तेवढे सांगावे. फिट संपल्यावर मुलाला झोप येते, डोके दुखते, काही काळ काहीच उमगत नाही. त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपतो. ‘निदान एवढे तरी पूर्ण करू’ असा आग्रह धरू नये.

फोन, जागा आणि वेळ

वेळ शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवावी, आपल्या सोयीने नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील बाया सकाळी निघून दिवस मावळल्यावर परततात. दुपारी घरी एकटी आजी असते आणि फोन वडिलांसोबत वावरात गेलेला असतो. मोठे माणूस हाताच्या अंतरावर नसेल तर विस्तव, धारदार वस्तू किंवा पाणी यांचा कोणताही सराव घ्यायचा नाही, हा नियम मी एकदाही शिथिल करू देणार नाही. त्या दिवसांत पैसे मोजणे, कपड्यांच्या घड्या, औषधाची डबी असे विषय घ्यावेत. वीस-पंचवीस मिनिटांचा वर्ग पुरतो. अपस्माराच्या काही औषधांनी सुस्ती येते, तेव्हा गोळी घेतल्यानंतरच्या ज्या वेळेत मूल पेंगते ती वेळ टाळावी. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात रेंज दगा देते. तिथे थेट कॉलवर भर न देता एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ पाठवावेत, घरच्यांनी मुलाचा सराव टिपून रेंज मिळाल्यावर परत पाठवावा आणि आपण ध्वनिसंदेशाने एकच सुधारणा सुचवावी.

फोन कोणाच्या हातात धरायला देऊ नये, कारण जो फोन धरतो त्याचे दोन्ही हात मुलाच्या मदतीला मोकळे नसतात. तांदळाच्या डब्याला किंवा विटेला टेकवून तो असा ठेवावा की मुलाचे हात आणि कामाची जागा दिसेल. चेहरा दिसला नाही तरी चालते. लुकलुकत्या प्रकाशाने किंवा पडद्याने फिट येण्याची प्रवृत्ती अपस्मार असलेल्या शंभर जणांमध्ये साधारण तिघांना असते, त्यामुळे ‘मोबाईलने मिरगी वाढते’ असे सरसकट म्हणून वर्ग बंद करण्याचे कारण नाही. तरीही त्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर काय म्हणतात ते विचारावे, खोलीत उजेड ठेवावा आणि पडद्याची चमक कमी करावी. आंघोळ, कपडे बदलणे, पाळीची स्वच्छता यांचे कोणतेही चित्रण घेऊ नये, मागू नये आणि कोणी आपणहून पाठवले तर ते पुसून टाकून पुन्हा न पाठवण्यास सांगावे. मुलाची आणि पालकांची संमती लेखी घ्यावी आणि अठराखालील मुलाशी एकांतात कॉल करू नये.

पहिले कौशल्य: स्वतःचे औषध

सुरुवात औषधापासून करावी असे माझे ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य निदान आणि औषधोपचार मिळाल्यास अपस्मार असलेल्या सुमारे 70 टक्के लोकांचे आयुष्य फिटविना जाऊ शकते. आणि औषध चुकणे हे फिट पुन्हा येण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. शिवाय या कामात विस्तव नाही, धार नाही, आणि ते जमले की घरच्यांचा मुलावर विश्वास बसतो, ज्याची पुढे चुलीजवळ जाताना गरज पडणार असते.

सात दिवसांची, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली डबी मिळाली तर उत्तम, नाहीतर चौदा लहान डब्याही चालतात. रविवारी मुलाने चिठ्ठी समोर ठेवून ती भरायची आणि मोठ्या माणसाने तपासायची. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्या औषधाच्या काही गोळ्या दमट हवेत ओल धरतात, म्हणून पावसाळ्यात त्या पाकिटातून काढून ठेवू नयेत. पाकीट कात्रीने कापून गोळी वेष्टनासकट कप्प्यात टाकावी. गजर लावावा, पण गजर हा अर्धाच उपाय आहे; वरण-भाताचे ताट वाढले की गोळी, अशी एखादी न चुकणारी जोड दिल्यास सवय लवकर लागते. पहिले काही दिवस आपण वेळेवर फोन करावा, मग मुलाने रिकाम्या कप्प्याचा फोटो पाठवावा, पुढे फोटो दिवसाआड आणि शेवटी फक्त रविवारी. आपली आठवण क्रमाक्रमाने काढून घेणे हेच शिकवणे आहे. वर्षभर रोज फोन करणारा मार्गदर्शक मुलाला गजराइतकेच परावलंबी करतो.

गोळी राहून गेली तर काय करायचे, उलटी झाली तर काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून डबीच्या झाकणावर मराठीत चिकटवावे. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. औषध संपायच्या दहा दिवस आधी मुलाने स्वतः घरात सांगायचे, कारण तालुक्याला फेरी व्हायला तेवढे दिवस लागतात. लग्नाला, जत्रेला किंवा कामासाठी बाहेरगावी जाताना पिशवीत औषध आधी आणि कपडे नंतर. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच असते. औषधाची मात्रा बदलण्याबाबत आपण एक शब्दही बोलू नये. मूल फार चिडचिडे झाले आहे किंवा हिरड्या सुजल्या आहेत असे दिसले, तर ते लिहून पालकांमार्फत डॉक्टरांना कळवावे, कारण दोन्ही गोष्टी काही औषधांमुळे होऊ शकतात. घरचे एखाद्या भगताकडे किंवा देवस्थानी जात असतील तर त्यावर वाद घालू नये. तिथे गेले तरी गोळी चुकू नये, एवढेच मागावे. ते बहुधा मिळते.

झोप हा याच विषयाचा भाग आहे, कारण जागरणाने अनेकांची फिट ओढवते. आपल्याकडे शेतपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते आणि ओलितासाठी घरातल्या मोठ्या मुलाला पाठवले जाते. पीक भरात आले की रानडुकरांपासून राखणीसाठी जागलीही असते. अपस्मार असलेल्या मुलाला या दोन्ही कामांतून वगळावे आणि बदल्यात दिवसाचे एखादे काम त्याच्या नावावर करावे, म्हणजे त्याला आपण घरात बिनकामाचे आहोत असे वाटत नाही.

आंघोळ

हा विषय कॉलवर फक्त कोरड्या सरावाने शिकवता येतो: पूर्ण कपड्यांत, रिकामी बादली आणि रिकामा तांब्या घेऊन. न्हाणीत उभे न राहता पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे, बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम पाणी मोठ्या माणसाने ओतावे, चुलीवरचा किंवा बंबातल्या उकळत्या पाण्याचा गंज, म्हणजे पातेले, मुलाने उचलू नये. कडी लावू नये. दारावर ओढणी टाकली की आत कोणी आहे असे घरात ठरवून घ्यावे, कारण वयात आलेल्या मुलीला एकांताचा हक्क आहे आणि ‘दार उघडे ठेव’ एवढेच सांगून तो हिरावला जातो. आत असताना तिने गुणगुणत राहावे किंवा बाहेरून अधूनमधून हाक घ्यावी. डोक्यावर गरम पाणी ओतल्यावरच फिट येते असे कोणी सांगितले तर ते थट्टेवारी नेऊ नये. तसा अपस्मार असतो, आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. नदी, कालवा, शेततळे, भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि कठडा नसलेली विहीर येथे एकट्याने जाणे पूर्ण वर्ज्य.

स्वयंपाक: टप्पे उलटे शिकवावेत

खरी परीक्षा इथे होते, आणि आईचा पहिला प्रश्नही इथेच येतो: ‘मॅडम, चुलीपाशी तिले झटका आला तं?’ याचे उत्तर भीती खोडून काढणारे नसावे, कारण भीती खरी आहे. जमिनीवरच्या चुलीपुढे उकिडवे बसलेले मूल फिट आली तर थेट विस्तवाकडे झुकते. उत्तर असे द्यावे: ‘म्हणूनच मावशी, चूल तुमच्याकडे आणि कणीक तिच्याकडे.’

पोळीचेच उदाहरण घेऊ. कणीक चाळणे, मीठ घालणे, पाणी बेताने घालत भिजवणे, झाकून ठेवणे, उंडे करणे, लाटणे, भाजणे, तेल लावून डब्यात ठेवणे असे तिचे टप्पे पडतात. नवखा मार्गदर्शक पहिल्या टप्प्यापासून सुरू करतो. कणीक सैल होते, हाताला चिकटते, आई पुढे होऊन परात ओढून घेते आणि मुलीच्या वाट्याला पहिल्याच दिवशी अपयश येते. त्याऐवजी शेवटून सुरू करावे. पहिल्या आठवड्यात सारे आईने करायचे आणि थोडी निवलेली पोळी तेलाचा हात लावून डब्यात ठेवण्याचे काम मुलीने. काम तिच्या हातून पूर्ण होते आणि डबा भरलेला तिला दिसतो. मग लाटणे, मग उंडे, आणि सर्वांत शेवटी भिजवणे. पोळी नकाशासारखी झाली तरी ती खावी. आईने ती पुन्हा गोळा करून लाटू नये, हे आईला आधी सांगून ठेवावे लागते. हात कुठे अडतो ते पाहावे: बहुतेक मुली लाटणे घट्ट पकडून जोर देतात. त्या वेळी ‘नीट लाट’ असे न सांगता ‘बोटे उघडी ठेव, तळहाताने फिरव’ असे सांगावे, आणि आईने फक्त मनगटाला स्पर्श करून दिशा द्यावी.

भाजण्याचा टप्पा या साखळीतून बाजूला ठेवावा. तो कधी घ्यायचा हे फिट्स किती आटोक्यात आहेत यावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरते. घेतला तर ओट्यावरच्या गॅसवर, मागच्या बर्नरवर, भांड्यांचे दांडे आत वळवून, ओढणी बांधून आणि मोठे माणूस शेजारी उभे असताना. गरम भांडे ताटाकडे न नेता ताट भांड्याकडे न्यावे. भाजी चिरायला पावशी म्हणजेच विळी नको. तिचे पाते वर तोंड करून उभे असते आणि पुढे झुकलेला माणूस त्यावरच पडतो. टेबलाशी बसून लहान सुरी, सोलणी आणि पालेभाजीला कात्री यांनी भागते. विजेचा भात शिजवायचा कुकर घरात असेल तर मुलाला एकट्याने पूर्ण जेवण करता येण्याचा तो सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. भाजी धुणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे यांवर विशेष भर द्यावा, कारण फीतकृमीची अंडी दूषित अन्नातून पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे हे आपल्या देशात अपस्माराचे एक मोठे कारण आहे, आणि शाकाहारी घरेही त्यातून सुटत नाहीत.

घराबाहेर

बाजाराचा सराव घरात खोट्या दुकानाने सुरू करून गावातल्या किराणा दुकानापर्यंत आणि मग आठवडी बाजारापर्यंत न्यावा. खिशात नाव, आजार, औषध आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये असावी. एसटीत दाराजवळ उभे राहू नये. वाहन चालवण्याच्या परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी स्पष्ट प्रश्न असतो आणि तिथे खोटे लिहिणे गुन्हा आहे. त्यामुळे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांविषयी वयाच्या सोळाव्या वर्षीच मोकळेपणाने बोलून घ्यावे, अठराव्या वर्षी नव्हे. वावरात निंदण, वेचणी, माल निवडणे ही कामे सोबतीने करता येतात. झाडावर चढणे, मळणीयंत्र आणि फवारणी नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि काही कीटकनाशकांच्या विषबाधेने निरोगी माणसालाही झटके येतात. मे महिन्यातल्या उन्हात दुपारचे काम कोणालाच नको, याला तर नकोच.

मुलींविषयी दोन गोष्टी. पाळीच्या आसपास फिट्स वाढतात का, हे नोंदवहीत मुलीने स्वतः खुणेने लिहावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. व्हॅल्प्रोएट गर्भावस्थेत बाळाला अपाय करू शकते, त्यामुळे त्या औषधावर असलेल्या मुलीच्या पालकांनी तिच्या लग्नाआधी पुरेसे अगोदर डॉक्टरांशी बोलावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लग्नाचा विषय निघाला की आजार लपवण्याकडे कल असतो. हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा अडथळा 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे, हे पालकांना सांगावे आणि लपवण्याचा सल्ला देऊ नये.

नोंद आणि वर्ग कमी करणे

एका वहीत तारीख, फिट, झोप, औषध आणि त्या दिवशी जमलेला टप्पा एवढेच लिहावे. एखाद्या मोठ्या फिटनंतर आठवडाभर मूल आलेले काम विसरल्यासारखे वागते. तेव्हा दोन टप्पे मागे जाऊन सुरू करावे, बहुतेक वेळा ते लवकर परतते. तसे न परतल्यास, किंवा मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर तो शिकवण्याचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांना कळवावे आणि घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक द्यावा.

एखादे काम मुलाने तीन वेगवेगळ्या दिवशी, आपला कॉल सुरू नसताना, घरच्यांच्या नजरेसमोर केले की ते आले असे धरावे. कॉलवर जमणे ही फक्त तालीम असते. त्यानंतर त्या कामाचे वर्ग आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर आणावेत. शेवटच्या वर्गात वहीची एक प्रत शाळेतील वर्गशिक्षकांकडे आणि एक रुग्णालयाच्या फाईलमध्ये ठेवायला सांगावी, आणि फिट आल्यावरची तालीम वर्गशिक्षकांकडूनही एकदा करून घ्यावी.